आपल्या माणसांची हद्द

आमच्या नात्यात अमेरिकेला गेलेल्या पहिल्या पिढीचा विषय निघाला, की श्रेयाची वाटणी ठरलेली असते. निम्मं श्रेय हुशारीला, पाव नशिबाला आणि उरलेलं पाव कुलदैवताला. काका डॉक्टर होऊन न्यू जर्सीला गेले, कारण ते पहिल्यापासून अभ्यासू. तिकडचं नागरिकत्व मिळाल्यावर त्यांनी धाकट्या भावाला बोलावून घेतलं, कारण त्यांचं मन मोठं. ही कहाणी मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. तिच्यात बोट आहे, विमान आहे, पहिल्या हिवाळ्यातलं बर्फ आहे, डब्यातून नेलेला गोडा मसाला आहे. कायदा नावाचं पात्र मात्र तिच्यात कुठेही नाही. काका दहा वर्षं आधी जन्मले असते, तर तीच हुशारी आणि तोच कुलस्वामी बरोबर असूनही त्यांना अख्ख्या भारतासाठी राखलेल्या वर्षाकाठच्या शंभर जागांमध्ये स्वतःला बसवावं लागलं असतं. हे आम्हाला कुणी सांगितलं नाही, कारण सांगणाऱ्यांनाही ते माहीत नव्हतं.

शंभराची ती वेस मोडली १९६५ च्या कायद्याने. अमेरिकेत कायद्याला तो आणणाऱ्यांची नावं चिकटतात, तसा हा 'हार्ट-सेलर' कायदा. हार्ट म्हणजे मिशिगनचे सिनेटर फिलिप हार्ट आणि सेलर म्हणजे न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनचे प्रतिनिधी इमॅन्युएल सेलर. या दुसऱ्या गृहस्थांविषयी वाचू लागलो आणि त्यांनी माझा पिच्छाच पुरवला. भारताला त्या शंभर जागा मिळाल्या १९४६ च्या कायद्याने, आणि त्या कायद्यावरही सेलर यांचंच नाव आहे. त्याआधी भारतीयांना तिथे कायमचं जाऊन राहण्याची वाट जवळजवळ बंदच होती. म्हणजे आमच्या घरगुती कहाणीच्या मागे हा एकच माणूस दोनदा उभा आहे. आणि दुसऱ्या खेपेला, १९६५ च्या ऑगस्टमध्ये, याच माणसाने भर सभागृहात ग्वाही दिली होती, की आशिया आणि आफ्रिकेतून तुलनेने फारसे लोक येणार नाहीत. त्यांचे इथे नातेवाईकच नाहीत, तर ते येतील कशाला आणि कसे?

ज्याने आपल्यासाठी दार उघडलं, त्याला आपण येणार हे ठाऊक नव्हतं. अशा माणसाचं ऋण मानायचं की नाही, आणि मानायचं तर कशाबद्दल, हा प्रश्न मला त्यांच्या पन्नास वर्षांच्या कारकिर्दीत घेऊन गेला.

सेलर यांचा जन्म ६ मे १८८८ चा, ब्रुकलिनमधलाच. आजी-आजोबा जर्मनीहून आलेले, घर ज्यू. वडिलांचा व्हिस्कीचा धंदा होता. तो बसला आणि वडील दारोदार जाऊन वाइन विकू लागले. मुलगा कोलंबिया कॉलेजात शिकत असतानाच वडील गेले, मागोमाग आईही गेली. घर त्याच्या अंगावर पडलं. मग सकाळी वर्ग आणि दुपारपासून वडिलांचीच ठरलेली गिऱ्हाइकं धरून वाइनची विक्री, असा दिवस सुरू झाला. १९१० मध्ये पदवी आणि १९१२ मध्ये कायद्याची पदवी याच धावपळीत पदरात पडली.

या वाइनविक्रीने त्यांना जे दिलं ते कोलंबियाने दिलं नसतं, असं मला वाटतं. त्या वर्षांत ब्रुकलिन नुसतं भरत होतं. दक्षिण इटलीतले गवंडी आणि मजूर, पोलंड-रशियातून जीव मुठीत धरून आलेले ज्यू शिंपी यांनी एकेक गल्ली आपलीशी केली होती. सेलर स्वतः त्यांच्यातले नव्हते. जर्मन घराणी दोन पिढ्या आधी आलेली, इंग्रजी बोलणारी, जरा वरच्या पायरीवरची. पण ज्याच्या दारात उभं राहून आपण रोज चार पैसे मिळवतो, त्याच्या घरातलं सुखदुःख आपोआप कळू लागतं. पुढे वकिली सुरू झाली. मग १९२२ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाने त्यांना प्रतिनिधिगृहासाठी उभं केलं. देशात तेव्हा दारूबंदी होती आणि वाइनवर शिकलेला हा उमेदवार दारूबंदीच्या विरोधात प्रचार करत होता. तो निवडून आला.

नव्या सदस्याने पहिली काही वर्षं तोंड मिटून बसावं, अशी तिथली रीत. सेलर यांना गप्प बसणं जमलं नाही, कारण १९२४ मध्ये जॉन्सन-रीड विधेयक सभागृहासमोर आलं.

या विधेयकाची खरी करामत त्याच्या अंकगणितात होती. कुठल्या देशातून वर्षाला किती माणसं घ्यायची हे ठरवण्यासाठी त्या देशात जन्मलेली किती माणसं अमेरिकेत आधीपासून राहतात ते पाहायचं आणि त्यांच्या दोन टक्के नवी घ्यायची. ऐकायला हे वाजवी वाटतं. पण मोजणी कधीची धरायची? १९२० ची जनगणना हाताशी असताना विधेयकाने धरली १८९० ची. कारण इटालियन, पोलिश, रशियन ज्यू यांची मोठी लाट त्यानंतर आली होती. त्याआधीच्या १९२१ च्या कायद्यात इटलीचा वाटा वर्षाला ४२ हजारांच्या वर होता. तो या नव्या मोजणीने चार हजारांच्या खाली आला. शिव्या न देता, कुणाचं नाव न घेता, नुसती तीस वर्षं मागे जाऊन एक अख्खी जमात दाराबाहेर ठेवता येते, हे त्या कायद्याने दाखवलं. या सगळ्याला शास्त्राची झूलही होती. सुप्रजननवादी हॅरी लॉफलिन हे प्रतिनिधिगृहाच्या स्थलांतर समितीचे 'तज्ज्ञ' होते. अमुक वंशात वेडसरपणा जास्त, तमुक वंशात गुन्हेगारी जास्त, असे तक्ते ते समितीपुढे मांडत. आशियाई लोकांसाठी तर तक्त्यांचीही गरज नव्हती. जे नागरिक होण्यास अपात्र ते देशात येण्यासही अपात्र, असं एक कलमच होतं. आणि भारतीय अपात्र आहेत हे सर्वोच्च न्यायालयाने १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सांगून टाकलेलं होतं.

सेलर उठले आणि त्यांनी या अंकगणितावर हल्ला चढवला. ते त्यांचं सभागृहातलं पहिलं महत्त्वाचं भाषण. विधेयक प्रचंड बहुमताने मंजूर झालं. पस्तीस वर्षांच्या माणसाने केलेल्या त्या भाषणाचा परिणाम शून्य झाला.

इथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. या कायद्याने सेलर यांच्या रक्ताच्या माणसांचं फारसं काही बिघडत नव्हतं. १८९० च्या मोजणीने सगळ्यांत मोठा वाटा मिळाला तो जर्मनीलाच. ते लढले ते आपल्या वॉर्डातल्या माणसांसाठी. ज्यांच्या जिन्यांवर वाइनच्या बाटल्या घेऊन चढले, ज्यांनी पुढे मतं दिली, त्यांच्यासाठी. मतांचा हिशोब त्यात होताच. तो नव्हता असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. पण आपल्या माणसांची व्याख्या रक्तापासून गल्लीपर्यंत रुंदावली, हे काही थोडं नव्हे. बहुतेकांची ती तेवढीही रुंदावत नाही.

त्या कायद्याने बंद केलेल्या दाराचा खरा अर्थ कळला तो १९३३ नंतर. जर्मनीतून आणि मग सगळ्या युरोपातून ज्यूंना पळायचं होतं, आणि अमेरिकेचं कोष्टक हलत नव्हतं. आपल्या आत्मकथनात सेलर यांनी या काळातला एक प्रसंग सांगितला आहे. एक म्हातारे रब्बी काठी टेकत त्यांच्या वॉशिंग्टनच्या कचेरीत आले. तिकडे लाखो माणसं मारली जात आहेत, तुम्ही आमचे प्रतिनिधी, तुमच्याने काहीच होत नाही का, एवढाच त्यांचा प्रश्न. सेलर यांनी त्यांना सांगितलं, की अध्यक्ष रूझवेल्ट यांना सहानुभूती आहे, पण युद्धाच्या कामातून जहाजं काढता येत नाहीत. ते उत्तर देताना आपल्यालाच ते पोकळ वाटत होतं, हेही त्यांनी लपवलेलं नाही. पुढे परराष्ट्र खातं निर्वासितांची अडवणूक करतं आहे, असा उघड आरोप त्यांनी केला आणि तोही आपल्याच पक्षाचं सरकार असताना. पण तोवर फार उशीर झाला होता. लोकप्रतिनिधीच्या खुर्चीत बसून हात बांधलेले असणं म्हणजे काय, हे त्या कचेरीत त्यांना जितकं कळलं असेल तितकं १९२४ च्या पराभवातही कळलं नसेल.

याच सुमारास त्यांची आणि भारतीयांची गाठ पडली. न्यूयॉर्कमध्ये जे. जे. सिंग नावाचे एक शीख व्यापारी होते. देखणे, बोलके, वॉशिंग्टनच्या दिवाणखान्यांत सहज वावरणारे. इंडिया लीग ऑफ अमेरिकाच्या वतीने त्यांनी खासदारांचे उंबरे झिजवायला सुरुवात केली. मागणी छोटी होती: भारतीयांना नागरिकत्वाचा हक्क आणि नाममात्र का होईना, एक कोटा. डेमोक्रॅट सेलर आणि कनेक्टिकटच्या रिपब्लिकन क्लेअर बूथ लूस यांनी ते विधेयक उचलून धरलं. युद्ध चालू होतं, चीनला अशी सवलत १९४३ मध्ये देऊन झाली होती, आणि भारताच्या मैत्रीची गरज होती. २ जुलै १९४६ रोजी अध्यक्ष ट्रूमन यांनी सही केली. वर्षाला शंभर भारतीय, शंभर फिलिपिनो.

शंभर. आज हसू येतं. पण नागरिकत्वाचा हक्क त्या शंभरांपुरता नव्हता. तिथे आधीपासून राहणाऱ्या सगळ्यांना तो मिळाला. त्यांतले एक होते दलीपसिंग सौंद. १९२० मध्ये आलेले, बर्कलीहून गणितात डॉक्टरेट घेतलेले आणि तरीही कॅलिफोर्नियाच्या इम्पीरियल खोऱ्यात शेती करून पोट भरणारे. १९४९ मध्ये ते नागरिक झाले, १९५६ मध्ये निवडून आले आणि प्रतिनिधिगृहात जाऊन बसले. पूर्ण सदस्य म्हणून तिथे पोचलेले ते पहिले आशियाई. ज्यांच्या कायद्यामुळे ते मतदारच काय पण उमेदवारही होऊ शकले, ते सेलर त्याच सभागृहात होते. कायद्याचा लाभार्थी सहकारी म्हणून समोर येऊन उभा राहावा, असं भाग्य किती कायदेकर्त्यांना लाभतं?

आता थोडं खुर्चीविषयी. अमेरिकी काँग्रेसमध्ये त्या काळी समितीचं अध्यक्षपद ना गुणवत्तेने मिळायचं, ना पक्षनेत्याच्या मर्जीने. ते मिळायचं टिकून राहण्याने. समितीत आपल्या पक्षाचा सगळ्यांत जुना सदस्य तो अध्यक्ष. एकदा बसला की पेशव्यांनी दिलेल्या वतनासारखं, मरेपर्यंत किंवा मतदारांनी घालवेपर्यंत त्याचंच. सेलर १९४९ मध्ये न्यायविषयक समितीचे अध्यक्ष झाले. मधली दोन वर्षं रिपब्लिकनांची सत्ता होती, तेवढी सोडली तर १९७३ पर्यंत ते तिथेच होते. नागरी हक्क, मक्तेदारी, घटनादुरुस्त्या, स्थलांतर हे सगळं त्यांच्या टेबलावरून जाई.

त्या टेबलावरून पुष्कळ चांगलंही गेलं. कंपन्यांनी प्रतिस्पर्ध्यांचे शेअर न घेता त्यांची मालमत्ताच विकत घेऊन कायदा चुकवण्याची पळवाट १९५० च्या सेलर-कीफॉव्हर कायद्याने बुजवली. १९५७ पासूनच्या नागरी हक्कांच्या प्रत्येक कायद्यावर त्यांचा हात आहे. १९६४ चा मोठा कायदा त्यांनी ओहायोचे रिपब्लिकन विल्यम मॅकुलॉक यांना बरोबर घेऊन समितीतून काढला आणि प्रतिनिधिगृहात २९० विरुद्ध १३० मतांनी पार नेला. मॅकुलॉक यांच्या मतदारसंघात काळे मतदार फारच थोडे होते. सेलर यांनी त्यांना दिलेला शब्द पाळला आणि त्यांनीही आपला पाळला. कायदे भाषणांनी होतात असं आपल्याला वाटतं. हा कायदा दोन म्हाताऱ्यांच्या एकमेकांवरच्या विश्वासावर झाला.

डागही आहेत. खासदार असतानाही सेलर यांची वकिलीची फर्म चालूच होती. तिच्या कचेरीला दोन दरवाजे असल्याची गोष्ट न्यूयॉर्कमध्ये प्रसिद्ध होती. एका दरवाजावरच्या पाटीत त्यांचं नाव होतं, दुसऱ्यावरच्या नव्हतं. केंद्र सरकारशी काम पडणाऱ्या अशिलांनी दुसऱ्या दरवाजाने आत यायचं. आत गेल्यावर खोली तीच. नियम तर मोडला नाही आणि कामही अडलं नाही. आपल्याकडे वाढलेल्या माणसाला यात न कळण्यासारखं काही नाही.

१९६५ साल उजाडलं तेव्हा ते शहात्तर वर्षांचे होते. आदल्या वर्षीच्या निवडणुकीत लिंडन जॉन्सन यांना भरघोस बहुमत मिळालेलं. नागरी हक्कांचा कायदा झालेला. देशातल्या माणसांना वंशावरून वेगळं वागवायचं नाही असं एकदा ठरवल्यावर, देशात येणाऱ्यांना मात्र वंशावरून मोजायचं, हे जगासमोर उभं राहून सांगता येईना. हार्ट आणि सेलर यांच्या मूळ विधेयकात शिक्षण आणि कौशल्याला अग्रक्रम होता. स्थलांतर उपसमितीचे अध्यक्ष मायकेल फीगन यांनी तो फिरवून नातेसंबंधाला दिला. त्यामागचा विचार साधा होता. देशात सध्या जास्त लोक युरोपीय, तेव्हा नातेवाईक बोलावले तर येणारेही युरोपीयच असणार. कोटा काढला तरी रंग बदलणार नाही. सेलर यांनी हे मान्य केलं आणि वर सांगितलेली ग्वाही सभागृहाला दिली. २५ ऑगस्टला ३१८ विरुद्ध ९५ मतांनी विधेयक मंजूर झालं. ३ ऑक्टोबरला स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या पायथ्याशी सही करताना जॉन्सन यांनीही हा काही क्रांतिकारक कायदा नव्हे, असं बजावून सांगितलं.

१९२४ च्या पहिल्या भाषणापासून या सहीपर्यंत एकेचाळीस वर्षं गेली होती. ज्या सभागृहात तेव्हा कुणी ऐकत नसलेला नवखा बसला होता, त्याच सभागृहात आता सगळ्यांत ज्येष्ठ सदस्य म्हणून त्यांनी तो कोट्याचा कायदा पुसला.

आणि मग सगळ्यांचे अंदाज चुकले. युरोप सावरला होता. इटलीतल्या माणसाला आता घर सोडायची तेवढी निकड नव्हती. रांगेत उभे राहिले ते दुसरेच. नव्या कायद्यात पूर्व गोलार्धातल्या प्रत्येक देशाला वर्षाला वीस हजारांची समान कमाल मर्यादा होती, आणि तिसऱ्या अग्रक्रमात व्यावसायिक, शास्त्रज्ञ, कलावंत यांना दहा टक्के जागा होत्या. त्याच वर्षी म्हाताऱ्यांसाठीची मेडिकेअर योजना सुरू करण्याचा कायदा झाला होता आणि इस्पितळांना डॉक्टर कमी पडू लागले होते. मुंबई-पुण्याच्या मेडिकल कॉलेजांतून, व्हीजेटीआयमधून, पवईच्या आयआयटीतून नुकती बाहेर पडलेली मुलं या तिसऱ्या अग्रक्रमाच्या दारातून आत गेली. नातेवाईक नव्हते, म्हणून ती पदवीवर गेली. १९६५ मध्ये भारतातून कायमचे गेलेले लोक हजारही नव्हते. १९७० पर्यंत तो आकडा वर्षाला दहा हजारांवर गेला. पाच वर्षांनी ही मुलं नागरिक झाली, आणि नागरिकाच्या भावाबहिणींसाठी पाचव्या अग्रक्रमात तब्बल चोवीस टक्के जागा होत्या. रंग बदलू नये म्हणून घातलेलं नात्याचं कलम कुणाच्या उपयोगी पडलं असेल, तर ते नाती जपणाऱ्या आपल्यासारख्यांच्या. 'दादाने फाइल केलंय', 'ताईचं पेटिशन लागलंय' ही वाक्यं ठाण्या-पुण्याच्या घरांत ऐकू येऊ लागली. १९६९ मध्ये शिकागोत महाराष्ट्र मंडळ उभं राहिलं, १९८१ मध्ये उत्तर अमेरिकेचं बृहन्महाराष्ट्र मंडळ. हे सगळं फीगन यांच्या गणितात नव्हतं, सेलर यांच्या स्वप्नातही नव्हतं.

त्याच कायद्याने आणखी एक गोष्ट पहिल्यांदाच केली. मेक्सिकोसह पश्चिम गोलार्धातून येणाऱ्यांवर तोवर आकड्याची मर्यादा नव्हती. ती आता वर्षाला एक लाख वीस हजारांची झाली. शेतमजुरीसाठी पिढ्यान्‌पिढ्या ये-जा करणारी माणसं कायद्याच्या नजरेत बेकायदा ठरू लागली. आपल्यासाठी उघडलेल्या दाराबरोबर शेजारचं एक दार अर्धवट लोटलं गेलं. आपल्या घरगुती कहाणीत हे वाक्यही नसतं.

एवढ्यावर थांबता आलं असतं, तर सेलर यांचं चरित्र म्हणजे धीराची एक छान गोष्ट झाली असती. पण त्यांनी प्रतिनिधिगृहात पाऊल ठेवलं त्याच वर्षी, १९२३ मध्ये, काँग्रेसमध्ये आणखी एक प्रस्ताव पहिल्यांदा मांडला गेला होता: स्त्री-पुरुषांना समान हक्क देणारी घटनादुरुस्ती. कोट्याचा कायदा आणि हा प्रस्ताव, दोन्ही त्यांच्या कारकिर्दीचे समवयस्क. एक मोडायला त्यांनी एकेचाळीस वर्षं वाट पाहिली. दुसरा त्यांनी अध्यक्ष झाल्यापासून वीसएक वर्षं टेबलाच्या खणात ठेवला. मंजूर नाही, नामंजूर नाही, सुनावणीच नाही. एखाद्या विधेयकाबाबत तुमची भूमिका काय, असं विचारल्यावर, मी त्यावर उभा नाही, बसलो आहे, असं ते म्हणाल्याचं सांगतात. समितीच्या अध्यक्षाच्या सत्तेचं याहून नेमकं वर्णन सापडणार नाही.

त्यांची बाजू अगदीच टाकाऊ नव्हती. कारखान्यांतल्या बायकांना जादा तासांपासून, जड ओझ्यांपासून वाचवणारे जे कायदे कामगार चळवळीने मिळवले होते, ते समानतेच्या नावाखाली रद्द होतील, ही भीती अनेक कामगार संघटनांना आणि पुरोगाम्यांनाही होती. पण मुद्दा भीतीचा असता, तर सुनावणी घेऊन तो मांडता आला असता. खरा मुद्दा १९६४ च्या फेब्रुवारीत दिसला. नोकरीत वंश, रंग, धर्म यांवरून भेदभाव नको, या कलमात व्हर्जिनियाच्या हॉवर्ड स्मिथ यांनी 'लिंग' हा शब्द घालण्याची सूचना आणली. स्मिथ नागरी हक्कांचे कट्टर विरोधक. विधेयक बुडावं हा हेतू असल्याचा संशय होताच. सेलर उठले आणि विनोद करू लागले. आमच्या घरात शेवटचे दोन शब्द माझेच असतात, ते म्हणजे 'होय गं', अशा धाटणीचा. सभागृह खो खो हसलं. मग मिशिगनच्या मार्था ग्रिफिथ्स उठल्या आणि म्हणाल्या, स्त्रिया दुय्यम नागरिक आहेत याला पुरावा हवा असेल, तर हे हसू पुरेसं आहे. हसू थांबलं. सूचना मंजूर झाली.

ग्रिफिथ्सबाईंनी नंतर समान हक्कांच्या दुरुस्तीसाठी तिथलं सगळ्यांत अवघड हत्यार उपसलं. समिती विधेयक सोडत नसेल, तर सभागृहातल्या निम्म्याहून अधिक सदस्यांनी, म्हणजे २१८ जणांनी, सह्या करून ते बाहेर ओढून आणायचं. असा अर्ज यशस्वी होणं विरळा, कारण अध्यक्षाला दुखवायची कुणाची छाती नसते. बाईंनी १९७० मध्ये एकेका सदस्याला गाठून त्या सह्या गोळा केल्या. वीस वर्षं खणात पडलेला प्रस्ताव सभागृहात आला आणि प्रचंड बहुमताने मंजूर झाला. सिनेटमध्ये तो त्या वर्षी अडकला, दोन वर्षांनी तिथूनही सुटला.

मला इथे अडखळायला होतं. १८९० च्या मोजणीतला अन्याय ज्याला एका दृष्टिक्षेपात दिसला, तुझी बाजू बरोबर असूनही तू रांगेत मागे कसा ठेवला जातोस हे ज्याला पक्कं कळत होतं, त्याला त्याच ब्रुकलिनमधली निम्मी माणसं दिसली नाहीत. त्या जिन्यांवर दार उघडायला बहुतेक वेळा बायकाच येत असतील ना? पण त्यांचं दुःख त्याला नवऱ्यांच्या, मुलांच्या दुःखात मिसळून दिसलं. वेगळं दिसलंच नाही. दुष्टपणाने नव्हे, तर आपल्या माणसांची हद्द तिथे संपली म्हणून.

१९७२ मध्ये चौऱ्याऐंशीव्या वर्षी सेलर पुन्हा उभे राहिले. पक्षांतर्गत निवडणुकीत त्यांच्यासमोर होत्या एलिझाबेथ होल्ट्झमन. वय तीस, वकील, पैसा नाही, नाव नाही. दातकोरण्याने वॉशिंग्टन स्मारक पाडायला निघाली आहे, अशी सेलर यांनी तिची संभावना केली. ती सबवेच्या स्थानकांवर, सिनेमाच्या रांगांत उभी राहून लोकांशी बोलत राहिली. गेली कित्येक वर्षं तुमच्या खासदाराची या मतदारसंघात साधी कचेरीही नाही, हे ती सांगत होती. व्हिएतनाम युद्धाला त्यांनी दिलेला पाठिंबा आणि स्त्रियांच्या हक्कांवर त्यांनी घातलेला पाय हेही होतंच. आत्मकथनाच्या नावातच 'ब्रुकलिन कधी सुटत नाही' असं सांगणाऱ्या माणसाचं ब्रुकलिनशी असलेलं नातं कधी सुटलं, ते त्यालाच कळलं नव्हतं. ज्या जिन्यांनी त्याला घडवलं, त्यांवर आता दुसरीच कुणी चढत होती. सहाशेच्या आसपास मतांनी ते हरले.

पुढचा भाग एखाद्या कादंबरीकाराने रचला असता, तर आपण नाक मुरडलं असतं. होल्ट्झमनबाई त्याच न्यायविषयक समितीवर गेल्या. सेलर यांच्या जागी आता इटालियन स्थलांतरिताचे चिरंजीव पीटर रोडिनो अध्यक्ष होते, आणि १९७४ मध्ये याच समितीने अध्यक्ष निक्सन यांच्यावर महाभियोगाची शिफारस केली. समान हक्कांच्या दुरुस्तीला पुरेशा राज्यांची संमती मिळेना, तेव्हा १९७८ मध्ये मुदत वाढवून घेणाऱ्या होल्ट्झमनच. १९८० चा निर्वासित कायदा प्रतिनिधिगृहातून पुढे नेला तोही त्यांनीच. त्या म्हाताऱ्या रब्बीला सेलर जे उत्तर देऊ शकले नव्हते, ते कायद्याच्या रूपात लिहिलं गेलं ते त्यांना हरवणाऱ्या बाईच्या हातून. सेलर यांनी १५ जानेवारी १९८१ रोजी ब्रुकलिनमध्ये शेवटचा श्वास घेतला.

मग ऋण कशाचं? त्यांच्या दूरदृष्टीचं नव्हे, ती नव्हतीच. त्यांच्या मोठ्या मनाचंही पुरतं नव्हे. त्या मनाला कुंपण होतं. ऋण आहे ते त्यांनी लिहिलेल्या वाक्याचं. आपल्या माणसांवरचा अन्याय दूर करताना त्यांनी 'इटालियनांना आणि ज्यूंना जास्त जागा द्या' असं लिहून घेतलं नाही. जन्मस्थानावरून आणि वंशावरून कुणालाच कमी-जास्त लेखू नये, असं लिहिलं. त्यांची सहानुभूती ब्रुकलिनपर्यंत पोचत होती. वाक्य आमच्या मिरजेपर्यंत पोचलं. १९६४ मध्ये ज्या एका शब्दाला ते हसले, तो शब्दही त्यांच्याच कायद्यात जाऊन बसला आणि त्यांच्या हसण्याला न विचारता लाखो बायकांच्या कामी आला. चांगला कायदा आपल्या कर्त्याहून मोठ्या मनाचा असू शकतो. कर्ता सरळ वाक्य लिहील एवढंच पाहावं लागतं.

सरळ वाक्यही काळाबरोबर वाकतं, हे मात्र आज आपलीच पोरं अनुभवत आहेत. सगळ्या देशांना सारखं, या १९६५ च्या तत्त्वातूनच आजचा नियम आला आहे: नोकरीवर मिळणाऱ्या ग्रीन कार्डांत कुठल्याही एका देशाला साधारण सात टक्क्यांहून अधिक वाटा नाही. एक अब्ज चाळीस कोटींचा भारत आणि चार लाखांचं आइसलँड एकाच मापात. जन्मस्थान पाहू नये म्हणून केलेल्या नियमामुळे पुण्यात जन्मलेला इंजिनिअर केवळ जन्मस्थानामुळे दशकानुदशकं रांगेत आहे. आमच्या नात्यातही असे दोघं आहेत. त्यांच्याशी फोनवर बोलताना मलाही तो नियम धडधडीत अन्याय वाटतो, आणि तो आहेही.

फक्त, तो अन्याय मला दिसतो तो रांगेत माझी माणसं आहेत म्हणून. १९६५ मध्ये मेक्सिकोच्या शेतमजुरासाठी लोटलेलं दार मला सेलर वाचेपर्यंत दिसलं नव्हतं. अमेरिकेत स्थिरावलेले आपले काही लोक आता 'सरसकट कुणालाही घेऊ नका' असं म्हणतात, तेव्हा त्यांना आपण कुठल्या कलमाने आत आलो हे आठवत नाही. या सगळ्यांत मी सेलर यांच्याहून वेगळा नाही, आणि त्यांच्याकडे निदान एकेचाळीस वर्षांची चिकाटी होती. न्यायाची सुरुवात आपल्या माणसांपासून होते यात लाजण्यासारखं काही नाही. तिथून सुरू न झालेला न्याय बहुधा कुठूनच सुरू होत नाही. पण रांगेतल्या आमच्या त्या दोघांसाठी कधी अर्ज करायची, पत्र लिहायची, मत द्यायची वेळ आली, तर त्या कागदावर 'भारतीयांना' असं न लिहिता 'कुणालाही' असं लिहिण्याइतकी अक्कल आपल्याला असावी. पुढे त्या शब्दाच्या आधाराने कोण येईल, हे आपल्याला ठाऊक असण्याची गरज नाही. सेलर यांनाही नव्हतं.